लाकडी ठोकळ्याची किल्ली

आज कपाट आवरताना लाकडी ठोकळा बांधलेली ती किल्ली हाताला लागली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. कल्याणच्या साडीच्या दुकानात मी सेल्सगर्ल होते, तिथल्या संडासाची ही किल्ली. ती मालकाच्या गल्ल्यामागे टांगलेली असायची आणि मागितली की तो भर गिऱ्हाइकांत विचारायचा, "आत्ताच जाऊन आलीस ना गं?" म्हणून आम्ही पोरींनी पाणी पिणंच सोडलेलं. सोबतच्या जुन्या ताईने पहिल्याच दिवशी शिकवलेलं, तोंड ओलं करून थुंकायचं, गिळायचं नाही. ऐन लग्नसराईत मला थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग, कंबरेत कळा. डॉक्टरीणबाई भडकल्या, "मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळतात, पण ती वाहून जायला पाणी नको? त्यात लघवी तुंबवून ठेवलीस, जंतू वरपर्यंत चढलेत." बरी झाल्यावर लिटरची बाटली घेऊन दुकानात गेले आणि मालकासमोर उभी राहून सगळी प्यायले. तासाभराने किल्लीसाठी हात पुढे केला. "आली नाहीस तोवर सुरू?" तो हसला. "हो. आणि तासाने परत." जाऊन आले, कुलूप-किल्ली दोन्ही पर्समध्ये टाकली आणि त्याच्यादेखत नोकरी सोडली. संध्याकाळीच ताईचा फोन आला, "अगं, शेठने नवं कुलूप लावलं." आता तो ठोकळा मुठीत धरून मी पाणी प्यायले, तर पहिला घोट जुन्या सवयीने तोंडातच थांबला, आणि किल्ली तर माझ्याच हातात होती.