आणखी इंचभर

सॅन अँटोनियोच्या काळ्या मातीवरचं ओफेलिया सामारिपाचं घर मागच्या कोपऱ्यात खचलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून साठवलेले अकरा हजार डॉलर तिने पाया उचलायला दिले. उचलताना फरशीखालचा सांडपाण्याचा पाइप तुटला तर तो खर्च तिचाच, असं ठेकेदाराने आधीच बजावलं होतं. तेवढे पैसे तिच्याकडे उरले नव्हते.

जॅक लावले, घर हळूहळू वर आलं. न्हाणीघराच्या भिंतीतून कडकड ऐकू आली.

"आणखी इंचभर उचललं की अगदी समतल होईल, बाई," मुकादम रोसेंदो म्हणाला.

"आणि खालचा पाइप?"

"साठ वर्षांचा बिडाचा पाइप आहे. त्याची हमी मी कशी देऊ?"

"तुटला तर?"

"फरशी फोडावी लागेल. आत्ता दिलेत तेवढेच पैसे पुन्हा द्यावे लागतील."

बहीण नेल्डा शेगडीपाशी उभी होती. "अगं, एवढे पैसे ओतून घर वाकडंच ठेवणार? तव्यावरून टॉर्तिया घसरतील."

"तू कधी लाटल्यास गं, घसरायला?"

भिंत पुन्हा करकरली. ओफेलियाने वर्षभर अडकणारं मागचं दार लावून पाहिलं. ते लागलं.

"थांबा," ती म्हणाली. "इथेच पक्कं करा."

दुपारी प्लंबरने पाइपात पाणी कोंडलं आणि सगळे पातळीकडे बघत बसले. ती उतरली नाही; पाइप शाबूत होता.

नेल्डाने पुठ्ठ्याची घडी करून शेगडीच्या एका पायाखाली सरकवली.