दाराच्या जागी बसलेला सुतार

आमच्या गावच्या सुताराची जीभ त्याच्या रंध्यापेक्षा जास्त चाले. "काऊन वो, सागाची असून वाकून राह्यली?" असं फळीला विचारून तिच्या उत्तराची वाट पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी माझी बायको चार दिवस हिवतापाने फणफणत होती. अन्नाला शिवत नव्हती. झोप लागली तरच निभावेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आमच्या पडवीचं रुळावर सरकणारं दार जरा हललं की रानडुकरासारखं किंचाळायचं.

सुतार आला, आत डोकावला आणि चक्क गप्प झाला. दार अलगद उचलून त्याने दूर मोहाच्या झाडाखाली नेलं, चाकं घासली, त्यांना तेल पाजलं. तेल मुरेपर्यंत घर उघडंच राहणार.

"मी बसतो ना इथी," म्हणत तो काठी घेऊन उंबऱ्यात बसला. त्याने कोंबड्या हाकलल्या, शेळी हाकलली, विचारपूस करायला आलेल्या पाटलीणबाईंनाही परत पाठवलं. "बाई झोपली हाये. उद्या या."

औषध घेऊन मी परतलो, तर मलाही अडवलं. "चपला हातात घ्या, गुरुजी."

तसाच मी आत जाऊन त्याच्यामागे उभा राहिलो. दिवस कलताना आतून क्षीण आवाज आला, "थोडी पेज देता का?"

चार दिवसांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. हातातल्या चपला धरून मी तसाच उभा होतो. सुताराने वळून माझ्याकडे पाहिलं.

"द्या ना, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "उभे काऊन राह्यले?"