काठी, व्ही, सात

आमच्या हरसूलकडच्या बोलीत बायबल उतरवायचं काम नाशिकला चाललंय. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण बोलीतली चूक दाखवायला तिथं मलाच बोलावतात. कॉम्प्युटरवरचा माणूस प्रत्येक वचनाआधी एक तिरकी काठी, व्ही अक्षर आणि आकडा घालतो. घालताना पुटपुटतो, "काठी, व्ही, सात." चहा निवतो, पाय टेबलाखाली सारखा हलत असतो.

परवा अडलं.

"बाबा, सातवं वचन आधी, आठवं मग. तुम्ही उलटं सांगताय."

"आठव्यात कारण आहे. आमच्यात कारण आधी सांगतात. मगच माणूस पुढचं ऐकतो."

"मशीन नाही ना ऐकत! आकडे उलटे दिसले की लाल करतं."

"मग मशीनला आमच्या बाजारात ने. बघू कोण त्याचं ऐकतो."

तो हसला नाही. त्याच्या साहेबांना फाईल संध्याकाळी हवी होती. त्याने माझं वाक्य मोडून आकडे सरळ लावले आणि लाल गेलं. "असं कोण बोलतं आमच्याकडं?" म्हणत मी पिशवी उचलली.

स्टँडवर तो धापा टाकत आला. हातात छापलेला कागद.

"सात-आठ एकाच काठीवर जोडले, बाबा. आता मशीन लाल करत नाही. वाक्य तुमचंच ठेवलंय. फाईल आज मिळणार नाही, असं साहेबांना सांगून आलोय. आता ऐका."

भर स्टँडवर त्याने मोठ्याने वाचलं. एक शब्द अजून चुकतच होता. मी बस सोडली आणि त्याच्याबरोबर मागे फिरलो.