रामलाल कधीच आजारी पडत नाही

“बीमार तो वो कभी पड़ता ही नहीं,” कंपाउंडर मिश्राजी म्हणाले, आणि टेबलापलीकडचे हेडक्लार्क दुबेजी चहा नाकात जाईपर्यंत हसले.

मी दारात उभी होते. मला पाहून दोघं एकदम गप्प झाले. मला पाहून सहसा कोणी गप्प होत नाही, कारण मी खोलीत आले हेच बऱ्याचदा लोकांना कळत नाही. त्यामुळे जरा विचित्र वाटलं.

“कोण आजारी पडत नाही?” असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, “प्लग पॉइंट कुठे आहे?”

मी जेल विभागासाठी डेटा क्वालिटीचं काम करते. ऑफिस ग्वाल्हेरला, घर दर्पण कॉलनीत. माधवगंजची आत्या पाहुण्यांना सांगते, “आमची ईशा जेलमध्ये असते,” आणि पुढे काही बोलत नाही. काम सोपं आहे. प्रत्येक कैद्याची सिस्टीममध्ये एक फाइल असते. नाव, फोटो, शिक्षा, दर महिन्याची तब्येत, वागणूक, कामावरची हजेरी. चौकट भरलेली असली की ती हिरवी दिसते, रिकामी राहिली की लाल. एकच माणूस दोनदा तर नोंदवला नाही ना, कोणाला जन्माच्या आधी अटक तर झालेली नाही ना, हे मी बघते. (झालेली असते. बऱ्याच जणांना.) थोडक्यात, मी माणसं बघत नाही, चौकटी बघते. मला ते बरं पडतं.

आमच्या सगळ्या जेल मिळून एकच फाइल अशी होती की जिच्यात कधीही एक चौकट लाल झाली नव्हती. रामलाल, वडील श्यामलाल, मुक्काम रामपुर, शिक्षा आजीवन कारावास. माझे बॉस जाधव सर या फाइलवर इतके खूश होते की त्यांनी ती ट्रेनिंगच्या स्लाइडवर टाकली, वर लिहिलं ‘आदर्श रेकॉर्ड’ आणि सगळ्या जेलना पाठवली.

खरं सांगायचं तर मलाही रामलाल आवडायचा. वागणुकीच्या चौकटीत लिहिलेलं असायचं, ‘शांत. मितभाषी. कोणाशी वाद नाही.’ माझ्या शाळेच्या रिपोर्ट कार्डवर टीचर दर वर्षी इंग्रजीत साधारण हेच लिहायच्या. वाटायचं, कुठेतरी एक जन्मठेपवाला माझ्यासारखा आहे.

तर त्या दिवशी आम्ही रामलालच्या जेलमध्ये आलो होतो. जेलचं नाव सांगत नाही. ग्वाल्हेरहून लांब आहे आणि रस्ता खराब आहे, एवढं पुरे.

कारण असं होतं. खुली जेल नावाचा एक प्रकार असतो. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला तिथे छोटं घर मिळतं, बायको-मुलं सोबत राहू शकतात, दिवसा बाहेर जाऊन काम करायचं आणि संध्याकाळी परत यायचं. या वर्षी प्रत्येक जेलमधून एकच जागा होती. वागणूक, तब्येत आणि हजेरी यांचे गुण सिस्टीमनेच लावले होते. पहिला रामलाल, दुसरा कोणी हरिओम. दुपारी मुख्यालयाबरोबर वीसी होती, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. तिथे नाव पक्कं होणार होतं.

“ईशा बेटा, रामलालबरोबर माझा एक फोटो घे हां, बढ़िया,” जाधव सर गाडीतच म्हणाले होते. सर आमच्यासारखेच ग्वाल्हेरचे मराठी. ऑफिसात ते माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी तेच रिन्यू करतात, म्हणून मी मान हलवते.

गेटवर एक बाई बसली होती. शाल गुंडाळलेली, मांडीवर ही मोठी कढई.

“हरिओम की घरवाली है,” संतरी म्हणाला. “रात की बस से आई है. कहती है, आज नंबर लगेगा.”

हरिओम जेलच्या स्वयंपाकघराचा मुख्य होता. खुल्या जेलमध्ये गेला की कचोरीचा ठेला लावणार होता. कढई त्यासाठी. त्याचे गुण कशामुळे कापले गेले होते तेही संतरीने सांगितलं. कढी फिकी झाली म्हणणाऱ्या एकाला त्याने डाव फेकून मारला होता.

आत आल्यावर जाधव सरांनी दुबेजींना सांगितलं, “रामलाल को बुलवाइए.”

दुबेजी म्हणाले, तो अंघोळ करतोय.

थोड्या वेळाने सरांनी परत विचारलं. मिश्राजी म्हणाले, पूजेला बसलाय. मग दोघं एकदम म्हणाले, बागेत आहे. बागकामात रामलालची हजेरी एकही दिवस चुकलेली नव्हती, हे मला माहीत होतं. मी खिडकीतून बाग पाहिली. बागेत एक बादली होती आणि एक तुळस. तुळस वाळलेली होती.

तेवढ्यात दुबेजींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि थंडी वाजली म्हणून मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला. तपकिरी, पिवळ्या चौकड्यांचा.

हा मफलर मी कुठेतरी पाहिला होता.

मी लॅपटॉप उघडला. रामलालची फाइल काढली. फोटोच्या चौकटीत आम्ही तीनच गोष्टी तपासतो. फोटो आहे का, चेहरा पूर्ण दिसतो का, फाइल फार जड तर नाही ना. तिन्ही हिरव्या. कैद्याच्या गळ्यात मफलर कसा, हे विचारणारी चौकट आमच्याकडे नाही. मी स्क्रीन बघितला. दुबेजींना बघितलं. तोच मफलर, त्याच मिशा.

मी नुसता लॅपटॉपचा स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

दुबेजींनी चहाचा कप खाली ठेवला. “मैडम जी, वो तो कैमरा टेस्टिंग था.”

मग सगळं बाहेर आलं. सिस्टीम नवीन आली तेव्हा ट्रेनिंग झालं. सरावासाठी वेगळी लिंक होती, ती उघडेना. ट्रेनर म्हणाला, खऱ्या लिंकवरच करा, नंतर पुसून टाकू. दुबेजींनी मनाला येईल ते नाव टाकलं, कॅमेऱ्यासमोर स्वतः बसले, आणि शिक्षेच्या यादीत सगळ्यात वरचं होतं ते निवडलं. सगळ्यात वर आजीवन कारावास होतं. ट्रेनर गेला. पुसायचं बटण नव्हतंच.

“तो निकाल क्यों नहीं दिया?” जाधव सरांचा आवाज चिरका झाला होता.

“कैसे निकालें, साहब? जेल है.”

ही गोष्ट मला तोपर्यंत कधी सुचली नव्हती. सिस्टीममधून कैदी बाहेर जायचे रस्ते मोजके असतात. सुटका, तर कोर्टाचा आदेश हवा. मृत्यू, तर पोस्टमॉर्टेम हवं आणि चौकशी बसते. फरार लिहिलं, तर अख्खा स्टाफ सस्पेंड. राहिली बदली. एकदा त्यांनी रामलालची दुसऱ्या जेलला बदली करून पाहिली. गाडीतून माणूस उतरला नाही म्हणून त्या जेलने त्याला परत पाठवलं. म्हणजे तसं लिहून पाठवलं.

मग काय, सांभाळायला लागले. तब्येत भरली नाही की चौकट लाल व्हायची आणि आमच्या ऑफिसातून मेल जायचा. तो मेल मीच पाठवते. म्हणून मिश्राजी दर महिन्याला बीपी, नाडी, वजन भरू लागले. सगळं नॉर्मल. संध्याकाळी बराकी बंद करताना माणसं मोजतात, तेव्हा सिस्टीम म्हणायची की एक कमी आहे. म्हणून दुबेजी रोज एक वाढवून लिहू लागले. वागणुकीबद्दल तर काही वाईट लिहिण्यासारखं त्याने कधी केलंच नाही.

“सीधा आदमी है,” मिश्राजी मनापासून म्हणाले.

जाधव सर खुर्चीत बसले. मराठीत हळूच म्हणाले, “बेटा, ही स्लाइड सगळीकडे गेली आहे. मंत्रालयातपण.”

त्याच वेळी हरिओम कचोऱ्यांचं ताट घेऊन आत आला. बुटका, जाड भुवया, हाताला भाजल्याच्या खुणा. ताट ठेवून तो तिथेच थांबला.

“साहब, एक बात पूछनी थी. ये रामलाल कौन है? मैं सबको खाना देता हूँ. इसने आज तक खाया ही नहीं.”

हरिओमने मिनिटभर वाट पाहिली. “मिल जाए तो कह देना, बुरा नहीं मानूँगा,” म्हणाला आणि गेला. कचोऱ्या गरम होत्या. कोणी हात लावला नाही.

वीसीला थोडाच वेळ राहिला होता. मिश्राजींना एक युक्ती सुचली. पहिल्या नंबरच्या कैद्याने स्वतःच खुली जेल नको म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाते. फक्त त्याने कॅमेऱ्यासमोर तसं सांगायला हवं. आणि फोटो तर जुळतोच आहे.

सगळ्यांनी दुबेजींकडे पाहिलं.

“मैं? मेरी सास देखेगी तो?” दुबेजी म्हणाले. सासूबाई वीसी बघत नाहीत हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. मग कुठूनतरी पांढरी टोपी आणि कैद्याचा कुर्ता आला. मफलर उतरवायला ते तयार होईनात. शेवटी मफलर राहू दिला, फोटोत होताच.

मला हे बरोबर वाटत नव्हतं. पण मनात हिशोब चालू होता. दुबेजी नाही म्हणतील, जागा हरिओमला जाईल, बाहेरच्या बाईची कढई कामाला येईल, सरांची स्लाइड वाचेल, आणि मला काहीही बोलावं लागणार नाही. शेवटचा मुद्दा फार मोहक होता.

वीसी सुरू झाली. स्क्रीनवर मुख्यालयाच्या मॅडम आणि आजूबाजूला सगळ्या जेलच्या छोट्या छोट्या चौकटी. रामलालचं नाव पुकारलं गेलं. दुबेजी पुढे येऊन बसले, हात जोडले.

“मैडम, मुझे नहीं जाना,” ते म्हणाले. इथेच थांबायचं ठरलं होतं. पण दुबेजी कॉलनीच्या रामलीलेत दर वर्षी काम करतात. ते पुढे म्हणाले, “मेरी जगह किसी और को भेज दीजिए. किसी गरीब का भला हो जाएगा.” आणि मफलरने डोळे पुसले.

मॅडमनी चष्मा काढला. मग सगळ्या जेलना ऐकू जाईल असं म्हणाल्या की, बघा, याला म्हणतात सुधारणा. स्वतःची जागा दुसऱ्याला देणारा हा माणूस. खुल्या जेलचा खरा हक्कदार कोणी असेल तर हाच आहे. याचा नकार मी मान्य करणार नाही. गाडी आजच पाठवते.

सगळ्या छोट्या चौकटींतून टाळ्या वाजल्या.

दुबेजी हात जोडलेलेच बसून राहिले. मिश्राजी टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. जाधव सर माइक म्यूट करून माझ्या कानाशी कुजबुजले, “गप्प बस. नंतर बघू.”

नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला कळलं. मॅडमच्या हातात पेन होतं. सही झाली की जागा गेली. आणि खिडकीतून गेट दिसत होतं. बाई कढई पदराने पुसत होती.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. हरिओमला जागा मिळाली. पहिल्या घाण्याच्या कचोऱ्या आमच्या ऑफिसात आल्या. मीठ कमी होतं, पण कोणी बोललं नाही. दुबेजींना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात त्यांनी रामलालची वागणूक चांगली असल्याचं परत एकदा लिहिलं. रामलाल अजून आतच आहे. त्याला बाहेर कसं काढायचं हे ठरवायला समिती नेमली आहे. पण त्याचं वजन आता कोणी भरत नाही, एकेक चौकट लाल होत चालली आहे, आणि ते बघून मला का कोण जाणे बरं वाटतं. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. आता मी तपासणीला बसले की ज्या फाइलमध्ये एकही तक्रार, एकही सर्दी, एकही भांडण नाही, ती सगळ्यात आधी उघडते. जिवंत माणसाची फाइल इतकी स्वच्छ राहत नाही.

तर, मी हात पुढे केला आणि म्यूट काढलं. हिंदीत बोलायचं ठरवलं होतं. इंग्रजीतही चाललं असतं. पण घाबरले की माझ्या तोंडून घरातली भाषा निघते. सगळं मराठीतच बाहेर पडलं, आणि बऱ्यापैकी मोठ्याने.

“क्या कहा?” मॅडम म्हणाल्या. “कोई बताएगा, इसने क्या कहा?”

त्या खोलीत माझ्याशिवाय मराठी कळणारे एकच जण होते. जाधव सरांनी माझ्याकडे बघितलं. दुबेजींच्या टोपीकडे बघितलं. ते काहीही सांगू शकले असते. ते उभे राहिले, आणि त्यांनी स्वतःच्या आदर्श रेकॉर्डबद्दल मी बोललेला शब्द न् शब्द हिंदीत करून सांगितला.

मी बोलले होते ते एवढंच:

“मॅडम, रामलाल नावाचं कोणी नाहीच आहे, हे दुबेजी आहेत. हरिओम खरा आहे, तो भांडतो, आणि त्याची बायको बाहेर कढई घेऊन बसली आहे.”