वीस पावलं मागे

स्तनाच्या कर्करोगावरचे मोठे उपचार आटोपल्यावर अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "आता रोज अर्धा तास झपाझप चाला," आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हात टेकले की डॉक्टर माणसाला चालायला लावतात, असं मी ऐकून होते. ते समजावत होते, की पाळी गेल्यावरही अंगातली चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि माझ्या गाठीला तेच पोसत होतं. रोजची गोळी ते अडवते; चालून वजन उतरलं तर आणखी कमी होऊ शकतं. वेग एवढा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. "हमी मात्र देत नाही," असंही म्हणाले. मग मला बाहेर बसवून आमचे हे पाच मिनिटं आत थांबले. त्या पाच मिनिटांनी माझी झोप उडवली.

आमच्या अमरावतीत बाई झपाझप चालली की गल्ली विचारते, "काहून वो, काई झालं काय?" म्हणून मी हातात रिकामी पिशवी घेऊ लागले. बाजाराला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. शेजारीण मात्र वस्ताद, पहिल्याच दिवशी कोथिंबीर आणायला सांगितली आणि मग ते रोजचंच झालं.

हे रोज सोबत निघायचे आणि जरा वेळात वीस पावलं मागे पडायचे. मी वळले की दुकानाची पाटी वाचत उभे. ज्या माणसानं घरी आलेली लग्नपत्रिका कधी धड वाचली नाही, तो पाट्या वाचतो? मी कोसळेन म्हणून पाळत ठेवताहेत, आजार उलटलाय आणि लपवताहेत, अशी माझी खात्रीच झाली. भीतीनं मी आणखी जोरात चालू लागले.

तीन महिन्यांनी एका सकाळी मी तावातावानं मागे फिरले. हे विजेच्या खांबाला धरून उभे होते.

"त्या दिवशी डॉक्टरनं काय सांगतलं? खरं बोला. उलटलं ना माह्यं?"

"तुयं... सारं बरं हाय. म्या... माह्यं इचारलं. चाललं का... छाती दाटते. तपासून घ्या म्हने. तुयं निस्तरू दे म्हनलं... मंग पाहू."

मी एका दमात विचारलं होतं. ह्यांना एवढं सांगायला चारदा थांबावं लागलं. तीन महिने मी ह्यांच्यावर संशय घेतला आणि ह्यांच्याकडे नीट पाहिलं एकदाही नाही. माझीच मला लाज वाटली.

समोरून येणारी रिक्षा मी थांबवली, दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि ह्यांना आधी बसवलं. शेजारणीची कोथिंबीर त्या दिवशी राहिली.