शेजारच्या वर्गाची गर्दी

दिवाकर गायधनी नाशिक रोडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा बी.एस्सी.ला नंबर लागावा म्हणून पालक त्यांच्या घरी येऊन बसत. मोठा हॉल गच्च भरे, उशिरा आलेली पोरं खिडकीत बसून नोट्स घेत. कुणाला नाही म्हणताना सरांना वाईट वाटे, पण आतून थोडं बरंही वाटे.

पुढे इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली, पोरं तिकडे वळली. उरलीसुरली कॉम्प्युटरने नेली. तेही सरांनी कसंबसं पचवलं. पण त्याच कॉम्प्युटर विभागात यशश्री शिकवायला आली आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं.

यशश्री त्यांचीच विद्यार्थिनी. ही फिजिक्समध्ये नाव काढणार असं ते घरीदारी सांगत असत, आणि एम.एस्सी.ला तिने कॉम्प्युटर घेतला. आता तिच्या वर्गात बाक पुरत नव्हते. स्टाफरूममध्ये तिच्याभोवती मुलींचा घोळका दिसला की सर वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

"फॅशन आहे ही, विषय नव्हे," एकदा ते तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

"सर, चहा सांगू का तुम्हाला?" तिने एवढंच विचारलं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

यंदा जूनमध्ये प्राचार्यांनी मोठा हॉल कॉम्प्युटरला दिला. "तुमची मुलं शेजारच्या छोट्या खोलीत मावतील, सर. आणि पहिल्या वर्षाला मुलं आलीच नाहीत, तर विषय चालू ठेवणं अवघड आहे."

सरांनी स्कूटर काढली आणि थेट एकलहरे गाठलं. वीज केंद्रात काम करणारा किशोर त्यांचा जुना विद्यार्थी. त्याची हर्षाली बारावी झाली होती.

"सर, तुम्ही? आन् इकडं?" किशोरने धावत जाऊन खुर्ची आणली.

"पोरीला फिजिक्सला घाल."

"हिच्या मैत्रिणी समद्या कॉम्प्युटरला चालल्या ना सर. नोकरी लवकर लागती म्हणत्यात."

"अरे, तिथे शिकवणारेच आज आहेत, उद्या नाहीत. ती यशश्री, तासिकेवर आहे ती. तिच्या भरवशावर पोरगी टाकतोस?"

बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. पण शब्द मागे घेतला नाही.

हर्षाली पाणी घेऊन दारात उभी होती. "सर, मी काल त्यांनाच भेटून आले. मला फिजिक्स आवडतं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मग या गर्दीत कशाला येतेस? गायधनी सर रिटायर व्हायच्या आत त्यांच्याकडे शीक. पुन्हा कुणी तसं शिकवणार नाही."

"मग ठरलंच की!" किशोर हसला.

सर पाणी प्यायले आणि उठले.

परतताना त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण राहून राहून एकच सलत होतं. मिळालेली एक विद्यार्थिनी, तीही यशश्रीने दिलेली. भरभराटीच्या काळात आपण एकही पोरगा केमिस्ट्रीकडे पाठवला नव्हता. इतक्या वर्षांत तसं मनातसुद्धा आलं नव्हतं. आतापर्यंत त्यांना तिच्या गर्दीचा हेवा वाटत होता, आता तिच्या मोठ्या मनाचाही वाटू लागला.

विषय यंदापुरता तरला. पहिल्या दिवशी यशश्री व्हरांड्यात भेटली.

"हर्षाली आली ना, सर?"

"आली," सर म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण तिचा तास सुरू होत होता, ती गेली.

छोट्या खोलीत मोजकी मुलं बसली होती. सरांनी लंबकाचं सूत्र मांडायला घेतलं. हर्षालीने शंका विचारली, शंका चांगली होती, सर रंगले. तेवढ्यात पलीकडच्या हॉलमधून मोठा हशा आला. हर्षालीची मान तिकडे वळली.

सरांनी ते पाहिलं आणि आवाज चढवला.