वाडीवरचा गंजलेला पाइप

पाइपावर हातोडी मारली की खणकन वाजायला हवं. त्या दुपारी भद्द वाजलं.

खालापूरजवळच्या एका गिरणीत मी पाइप तपासायच्या कामावर होतो. डोंगरातल्या बंधाऱ्याचं पाणी जमिनीखालच्या लोखंडी पाइपातून बॉयलरला जायचं. ओली चिकणमाती लोखंड खाते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून अधूनमधून खणायचं, पाइप उघडा करायचा, गंजाचे पापुद्रे खरवडायचे आणि वाजवून बघायचं. पत्रा पातळ झाला असला की आवाज बसतो.

इथे तो पार बसला होता. खाली उतारावर ठाकरांची वाडी, आणि पहिलंच घर भागीचं. ती हंडा घेऊन समोर उभी राहिली.

"हितं नको खणू रं दादा."

"का?"

"आमचं पानी हाय त्ये."

पाइपाच्या पोटातून पाणी झिरपत होतं. त्याखाली तिने डवरा खणला होता. उन्हाळाभर सगळी वाडी त्या खड्ड्यातलं पाणी प्यायची. नदी फार लांब.

"अगं, हा फुटला तर तुझं घर जाईल."

"फुटंल तवा फुटंल. पानी रोज लागतं."

हातोडी खांद्यावर टाकून मी गिरणीत आलो आणि मॅनेजर अभ्यंकरांना म्हणालो, "गिरणी बंद ठेवून तेवढा तुकडा बदलायला हवा."

"डांबर फासा. पुढे बघू."

"साहेब, खाली माणसं राहतात."

"नुसत्या आवाजावरून गिरणी बंद ठेवू? उद्या मीच येतो."

मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी बंधाऱ्यावरच्या व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा केला आणि वाडीतली सगळी माणसं चढावर नेऊन बसवली. भागी नातीला कडेवर घेऊन आली, पण येताना मला शिव्या देत आली.

अभ्यंकर सोला हॅट घालून मी खणलेल्या खड्ड्यात उतरले. हातोडी मागून घेतली.

"हळू मारा," मी म्हणालो.

त्यांनी हळू मारली नाही.

"हे बघा, काहीसुद्धा..."

पुढचं पाण्यात गेलं. धार छातीवर बसली, साहेब मागे आपटले, हॅट उतारावरून निघाली. मी त्यांना वर ओढलं आणि व्हॉल्व्हकडे ओरडलो. पाणी थांबेपर्यंत भागीच्या घराचा मागचा कूड आणि चूल वाहून गेली होती. नात त्याच कुडाशी झोपायची. भागी शिव्या द्यायची थांबली.

गिरणी बंद राहिली. तुकडा बदलला, कूडही गिरणीच्या माणसांनी बांधून दिला. नव्या तुकड्याच्या नकाशात वाडीपाशी मी एक वॉशआउट दाखवला. वॉशआउट म्हणजे पाइपातला गाळ सोडायची तोटी.

"इथे गाळ साठतो?" अभ्यंकरांनी विचारलं.

"साठू शकतो."

"कितीदा काढावा लागेल?"

"सकाळ-संध्याकाळ. वाडीतल्या बायका काढतील."

त्यांनी नकाशावर सही केली.

मी नोकरीत होतो तोवर त्या पाइपात गाळ साठला नाही. तोटी नियमित उघडली की साठत नाही.